आमच्या मामाची तारीख

(आपल्या प्रार्थनामंदिराच्या वर्धापनदिनी, स्मरणफलकाच्या अनावरणप्रसंगी केलेले भाषण)





आजच्या मंगलदिनी आम्हा तिघा भावंडांना दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल समितीचे प्रथम आभार मानतो. हे भाषण आम्ही तिघांनी मिळून लिहिले आहे. वाचणारा एक असला तरी बोलणारे तिघे आहेत, असे समजून ऐकावे.

हेखालाच्या उजव्या भिंतीवरचा फलक आपण सर्वजण ओळखता. आपल्यातून गेलेल्यांची नावे आणि त्यांच्या मृत्यूच्या इब्री तारखा त्यावर आहेत. ज्याची तारीख येते त्याच्या नावापुढे दिवा लागतो आणि त्याच्यासाठी हशकाबा म्हटली जाते. आज त्या फलकावर एक नवे नाव आले आहे. ते आमच्या मामाचे, म्हणजे आमच्या आईच्या थोरल्या भावाचे. नाव आपण फलकावर वाचालच. घरात आम्ही त्याला नुसते 'मामा' म्हणत आलो, इथेही तसेच म्हणतो. तो गेला १९४३ साली. इतक्या वर्षांत हे नाव का लागले नाही, असे कालच एका काकांनी आम्हाला विचारले. त्याचे उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून हे भाषण.

आमचे आजोळ अलिबागजवळचे. घर नारळी-पोफळीत, आणि मागच्या दारी उभे राहिले की समुद्र दिसायचा. आजोबा लवकर वारले. आजीने मामाला मुंबईत नातेवाइकांकडे ठेवून माझगावच्या सर एली कदूरी शाळेत शिकवले. शाळा झाल्यावर तो तारायंत्र शिकला आणि जहाजावर वायरलेस ऑपरेटर म्हणून लागला. कोकणातल्या पोराला समुद्राची भीती नव्हती. १९४० साली त्याचे जहाज इंग्लंडच्या बंदराला लागले. तिथे बॉम्ब पडत होते. युद्धापूर्वी रॉयल एअर फोर्समध्ये गोऱ्या वंशाखेरीज कोणाला अधिकारी वा विमानसैनिक होता येत नसे; ही अट ऑक्टोबर १९३९ मध्ये युद्धापुरती उठली होती. मामाने जहाज सोडले आणि विमानदलाच्या स्वयंसेवक राखीव दलात नाव घातले. आजीला हे कळले ते तीन महिन्यांनी, पत्रातून.

त्या पत्रांपैकी चार आईने जपून ठेवली आहेत. मराठी पत्र सेन्सॉरकडे वाचणारा मिळेपर्यंत पडून राही, त्यामुळे हिवाळ्यात लिहिलेले पत्र पावसाळ्यात पोहोचायचे. आजीला इंग्रजी येत नव्हते आणि विमान तिने आकाशात लांबून पाहिलेले. म्हणून मामाने विमान तिला गलबतावरून समजावून सांगितले आहे. तो लिहितो की आमचे विमान चार इंजिनांचे आहे आणि त्यात आम्ही सातजण. पायलट हा आमचा तांडेल. एकजण नकाशा घेऊन वाट सांगतो. एकजण पुढे पालथा पडून बॉम्ब टाकायची जागा बघतो. एकजण इंजिने सांभाळतो. दोघे बंदुका घेऊन राखण करतात, एक पाठीवर आणि एक शेपटाला. आणि मी मध्ये बसून कानाला यंत्र लावून ऐकत असतो. शेपटाला बसणाऱ्याला थंडी फार, माझ्या जागी त्या मानाने ऊब असते, तेव्हा काळजी करू नये, असेही त्याने लिहिले आहे. पत्रासोबत सातजणांचा एक फोटो आहे. सातही हसत आहेत. मामा उजवीकडून दुसरा, सर्वांत बुटका.

मार्च १९४३ मध्ये तार आली. पुरीम, म्हणजे आजीच्या भाषेत होळीचा सण, होऊन गेला होता, आणि पेसाहची, म्हणजे अनाशी ढाकाच्या सणाची, घरात झाडलोट सुरू होती. तार इंग्रजीत, म्हणून पोस्टमनने शाळेच्या मास्तरांना बोलावून आणले. आमची आई तेव्हा अकरा वर्षांची. तिला तो प्रसंग अजून जसाच्या तसा आठवतो. मास्तरांनी तार दोनदा वाचली. 'मिसिंग' या शब्दावर ते थांबले. मग हळूच म्हणाले, "हरवलाय, असं लिहिलंय."

आजीने विचारले, "मेला असं लिहिलंय का?"

मास्तर म्हणाले, "नाही."

"मग हरवलेलं सापडतं," असे म्हणून आजी पुन्हा भांडी घासायला बसली.

मास्तरांनी शब्दाचा अर्थ चुकीचा सांगितला नव्हता. पण त्या एका शब्दावर आमच्या घराची पुढची अनेक वर्षे उभी राहिली. त्या काळी नियम असा होता की सहा महिने वाट पाहायची, जिनेव्हाच्या रेडक्रॉसकडून कैद्यांची खबर येते का ते बघायचे, आणि काहीच न आल्यास सरकारी कामापुरता मृत्यू गृहीत धरायचा. त्याप्रमाणे लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील कचेरीतून पत्र आले. मास्तरांनी वाचले, की मुलगा मेला असे समजण्यात येत आहे. आजी म्हणाली, "समजणारे समजोत."

तेव्हापासून मामासाठी हशकाबा नाही, कद्दीश नाही, वर्षश्राद्धासारखे काही नाही. मलिद्याच्या वेळी गेलेल्यांची नावे घेताना आजी आजोबांचे नाव घ्यायची आणि थांबायची. साठीच्या दशकात आमचे कुटुंब आलिया करून इस्राएलला आले तेव्हा निघण्याच्या दिवशी आजी पोस्टात गेली आणि नवा पत्ता लिहून देऊन आली. इथे आल्यावरही मोठ्या सणाला ती एक ताट जास्त मांडायची. आम्ही मुले विचारायचो, हे कोणाचे? आई आम्हाला डोळ्यांनी गप्प करायची. आजी वारली तेव्हा आम्ही शाळेत होतो. शेवटच्या आजारात ती आईला म्हणाली, "त्याचं नाव मेलेल्यांत घेऊ नको." आईने ते पाळले. म्हणून हे नाव फलकावर लागले नाही.

बंधुभगिनींनो, ही अडचण फक्त मायेची नव्हती, धर्माचीही होती. प्रेत सापडले नाही तर शोक कोणत्या दिवशी धरायचा? आपल्या शास्त्रकारांनी सांगितले आहे की सापडण्याची आशा ज्या दिवशी घरच्यांनी सोडली त्या दिवसापासून. पण आजीने आशा सोडलीच नाही, तेव्हा शोकाचा दिवस उगवलाच नाही. मामाचे लग्न झाले नव्हते. झाले असते तर मामी आगुना म्हणून, ना सवाष्ण ना विधवा, बसून राहिली असती. या देशात हे दुःख काय असते ते वेगळे सांगायला नको. जानेवारी १९६८ मध्ये 'डाकार' ही आपली पाणबुडी ६९ जणांसह भूमध्य समुद्रात नाहीशी झाली. ती समुद्रतळाशी सापडली मे १९९९ मध्ये. एकतीस वर्षे ती घरे अशीच बसून होती. ती बातमी दूरदर्शनवर लागली तेव्हा आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळले की ती मामाला विसरलेली नाही.

तरी आम्ही काही विचारले नाही. पुढे आईला नव्वद पूर्ण झाली तेव्हा तिने आम्हा तिघांना बोलावले, कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि म्हणाली, "माझ्यामागं याला ओळखणारं कोणी राहणार नाही. निदान तो कधी गेला ते मला सांगा." डब्यात ती तार होती, दोन सरकारी पत्रे, मामाची चार पत्रे आणि फोटो. तिथून आमचा शोध सुरू झाला.

पहिले काही महिने आमच्याच चुकीने फुकट गेले. युद्धात पडलेल्या राष्ट्रकुलातील सैनिकांची नोंद ठेवणारे एक कमिशन आहे. १९१७ पासून ते हे काम करते. त्यांच्या यादीत आम्ही आमच्या आजोळचे 'कर' लावलेले आडनाव शोधत होतो. इंग्रजीत ते जितक्या प्रकारे लिहिता येईल तितके लिहून पाहिले. काही मिळाले नाही. मामाने खोटे तर सांगितले नाही ना, इथपर्यंत शंका आली. मग एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आठवण करून दिली की मुंबईत शाळेत नाव घालताना आपले लोक गावाचे आडनाव टाकून बापाचेच नाव पुढे लावीत. आजोबांचे नाव आडनावाच्या जागी घालून पाहिले, आणि एका मिनिटात मामा सापडला. सार्जंट, वायरलेस ऑपरेटर, आईबापांची नावे, 'मुंबई, हिंदुस्थान', आणि पुढे लिहिलेले: रनीमीड स्मारक. अशी दोन नावांची माणसे आपल्या प्रत्येक घरात आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

रनीमीड लंडनच्या पश्चिमेला आहे. जिथे १२१५ साली इंग्लंडच्या राजाने मॅग्ना कार्टावर मोहोर उठवली त्या कुरणाच्या वरच्या टेकडीवर हे स्मारक आहे. ब्रिटनमधून व पश्चिम युरोपातील तळांवरून उडालेले आणि ज्यांना थडगे मिळाले नाही अशा वीस हजारांहून अधिक विमानसैनिकांची नावे तिथे दगडावर कोरली आहेत. १७ ऑक्टोबर १९५३ रोजी राणी एलिझाबेथने त्याचे उद्घाटन केले. आम्ही तिघेही गेलो. अरुंद उंच खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना नावे आहेत, वर्षाप्रमाणे आणि हुद्द्याप्रमाणे. १९४३ च्या सार्जंटांची नावे संपता संपत नाहीत. बॉम्बर कमांडमध्ये उडालेल्या सुमारे सव्वा लाख माणसांपैकी ५५,५७३ मेली, हा आकडा आम्ही वाचला होता. तिथे उभे राहिल्यावर तो समजला. आईसाठी आम्ही नावावर कागद ठेवून पेन्सिल फिरवली आणि ठसा घेतला. आपल्या पद्धतीप्रमाणे खाली एक खडा ठेवला. कद्दीश म्हणावीशी वाटली, पण आम्ही तिघेच, दहाजण कुठून आणणार? मिन्यान नाही म्हणून तसेच परतलो. ती रुखरुख मनात राहिली.

दगडावर नाव होते, वर्ष होते. तारखेसाठी आम्ही लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात गेलो. प्रत्येक स्क्वाड्रनची रोजची नोंदवही तिथे पाहायला मिळते. फॉर्म ५४० वर महिन्याचा गोषवारा आणि फॉर्म ५४१ वर प्रत्येक उड्डाणाची नोंद: विमान, सातजणांची नावे, निघण्याची वेळ, परतण्याची वेळ, आणि काय घडले ते. मामाचे विमान स्टर्लिंग जातीचे होते. रॉयल एअर फोर्सचे युद्धात उतरलेले हे पहिले चार इंजिनांचे बॉम्बर. दणकट होते, पण उंच चढत नसे. लँकेस्टर आणि हॅलिफॅक्स विमाने वरून जात आणि स्टर्लिंग त्यांच्या खालून, म्हणजे तोफांच्या जास्त जवळून. १९४३ च्या नोव्हेंबरात त्यांना जर्मनीवरील मोठ्या हल्ल्यांतून काढून घेतले. मामासाठी ते आठ महिने उशिरा झाले.

मार्चच्या पानांवर आम्ही मामाचे नाव अकरा वेळा मोजले. दहा ठिकाणी परतण्याची वेळ आहे. अकराव्या ठिकाणी ती जागा कोरी आहे आणि शेजारी टंकलेखनात एकच ओळ आहे. विमान परतले नाही, उड्डाणानंतर त्याच्याकडून काहीही ऐकू आले नाही, असा तिचा अर्थ. वायरलेसवर बसणारा आमचाच मामा, म्हणजे ऐकू आले नाही ते त्याचेच. त्या ओळीपुढे आम्ही बराच वेळ बसून होतो.

आता तारखेविषयी. इंग्रजी नोंदीत अशा रात्रीची तारीख जोडून लिहितात, निघाल्याची एक आणि परतायची दुसरी. विमान संध्याकाळी निघाले, मध्यरात्रीच्या आधी पडले की नंतर, कोणी पाहिले? तेव्हा कोणत्या तारखेला दिवा लावायचा, असा आम्हाला पेच पडला. आम्ही तो हजानसाहेबांकडे घेऊन गेलो. ते हसले आणि म्हणाले, "अरे, आपला दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. ती रात्र तुमच्या साहेबांना दोन दिवसांची, आपल्याला एकाच दिवसाची." विमान सूर्यास्तानंतर उडाले होते आणि उजाडण्याच्या आत परतायचे होते. मध्ये कधीही पडले असो, आपल्या पंचांगात तारीख एकच. ५७०३ हे साल अधिक महिन्याचे होते, म्हणून ती रात्र आदार शेनीची. साध्या वर्षी आदारात आणि अधिकाच्या वर्षी दुसऱ्या आदारात दिवा लागेल. जे इंग्रजी कागदाला सांगता येत नव्हते ते आपल्या पूर्वजांनी सूर्य मावळताना दिवस मोजून आधीच सांगून ठेवले होते.

आणखी एक कागद मिळाला. ब्रिटनमधील ज्यू माजी सैनिकांच्या संघटनेने युद्धकाळातील ज्यू धर्मगुरूंची कार्डे जपली आहेत. सैन्यातल्या ज्यू शिपायांसाठी ते अशी कार्डे करीत. मामाच्या कार्डावर त्याचा क्रमांक आहे आणि आजीचा अलिबाग तालुक्यातला पत्ता. म्हणजे त्या परमुलखात त्याने आपण ज्यू आहोत हे सांगितले होते, आणि ते कोणीतरी लिहून घेतले होते. गळ्यातल्या बिल्ल्यावर धर्म कोरलेला असे. ज्यू माणूस जर्मनांच्या हाती लागला तर काय होईल या भीतीने काहीजण दुसरा धर्म लिहून घेत. १७ डिसेंबर १९४२ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये युरोपातील ज्यूंच्या कत्तलीचे निवेदन झाले आणि सभासद उठून स्तब्ध उभे राहिले. त्यानंतर तीन महिने मामा उडत होता. त्याला ते ठाऊक असलेच पाहिजे.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगतो. आमच्यातल्या धाकट्या पिढीने आम्हाला विचारले की मामाच्या बॉम्बखाली कोण होते? खाली कारखाने होते, रेल्वे होती, आणि घरेही होती, त्यात बायका-मुले होती. हे आम्ही लपवत नाही. ज्या देशात आपण स्वतः भोंगा वाजला की नातवंडांना उचलून आसऱ्याच्या खोलीकडे धावतो, तिथे राहून ते लपवणे शोभणारही नाही. पण त्याच महिन्यांत आगगाड्या भरभरून आपल्या लोकांना मरणाकडे नेत होते, आणि ते थांबवायला निघालेल्यांत एक बावीस वर्षांचा कोकणातला मुलगा होता, हेही खरे आहे. दोन्ही खरे आहे, आणि दोन्ही आम्ही मुलांना सांगतो.

विमान कुठे पडले असावे? परतीची वाट हॉलंडवरून होती. बातमी वाचली की तिथल्या मार्कर्मेर सरोवराच्या तळातून २०२० साली एक स्टर्लिंग विमान काढले. २००८ मध्ये एका बोटीच्या नांगराला त्याचा तुकडा लागला होता. मार्च १९४३ च्या शेवटी बर्लिनवरून परतताना ते पडले होते, सातही जणांसह. महिना तोच, विमान तेच जातीचे! आम्ही घाईने चौकशी केली. ते आमचे नव्हते. ते दुसऱ्या सात घरांचे होते. आमच्या मामाचे विमान अजून सापडलेले नाही. आई म्हणाली, "त्या सात घरांना तरी कळलं. बरं झालं."

शोध इथेच संपला असता. पण इंग्लंडात लिंकन येथे बॉम्बर कमांडचे केंद्र आहे, २०१८ मध्ये उघडलेले. मेलेल्या सुमारे ५८ हजारांची नावे तिथे भिंतींवर आहेत. त्यांच्यामार्फत आम्ही मामाच्या सोबत्यांच्या घरांचा शोध सुरू ठेवला होता. गेल्या वर्षी न्यूझीलंडहून एका बाईंचे पत्र आले. त्या पायलटच्या, म्हणजे मामाच्या तांडेलाच्या, भाची. विमान हरवले की त्या सातजणांच्या घरचे पत्ते एकमेकांना कळवीत. तांडेलाच्या आईने त्या वेळी सहाही घरांना पत्रे लिहिली होती. आलेली उत्तरे तिने एका पाकिटात ठेवली. त्यांत एक उत्तर अलिबाग तालुक्यातून गेलेले होते, १९४४ सालचे.

अक्षर मास्तरांचे, इंग्रजी मास्तरांचे, पण बोलणे आजीचे. ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. आजी त्या बाईला लिहिते की तुमचा मुलगा आणि माझा मुलगा एकाच गलबतावर होते, तेव्हा आपण बहिणी झालो. माझा नवरा नाही, पण मला लहान मुलगी आहे. तिला भावाचा फार लळा. तार आली तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून मी म्हटले की हरवलेले सापडते. आता ती रोज दारात उभी राहते आणि मला ते शब्द मागे घेता येत नाहीत. समुद्र काय घेतो आणि काय परत देतो हे आमच्या गावात सर्वांना ठाऊक आहे. मला ठाऊक आहे की तो येणार नाही. शुक्रवारी शब्बाथचा दिवा लावताना मी एक वात जास्त लावते. मुलीने विचारले तर सांगते की उजेड कमी पडतो.

बंधुभगिनींनो, हे पत्र आम्ही आईला वाचून दाखवले. मराठीत सांगता सांगता आमचाच आवाज फुटेना. आई शेवटपर्यंत शांत बसली. मग म्हणाली, "मला वाटायचं आईला सहन व्हायचं नाही, म्हणून मी दारात उभी राहायचे. तिला बरं वाटावं म्हणून." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "तेल का जास्त लागतं म्हणून मी तिच्याशी भांडायचे."

आई मुलीसाठी आशा धरून होती आणि मुलगी आईसाठी. दोघींनाही खरे ठाऊक होते. तीस वर्षे एका घरात, आधी कोकणात आणि मग इथे, दोघींनी एकमेकींना सांभाळले, आणि दोघींपैकी एकीलाही मोकळेपणी रडता आले नाही. आजीचा शेवटचा शब्द मोडावा की नाही याचा आम्हाला फार घोर होता. पत्र वाचल्यावर आईनेच निकाल दिला. ती म्हणाली, "तिनं ते माझ्यासाठी सांगितलं होतं. आता मी मोठी झाले. नाव लावा." तेव्हा ती त्र्याण्णव वर्षांची होती.

आपल्या समाजाची कथा आपण मुलांना कशी सांगतो ते आठवा. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांची प्रेते लाटांनी आणून टाकली. वाचलेल्यांनी ती पुरुषांची आणि स्त्रियांची अशी वेगवेगळी पुरली. आज तिथे स्मारक आहे. त्या मेलेल्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही, तारीख ठाऊक नाही. थडगे आहे आणि नाव नाही. आमच्या मामाचे नाव आहे आणि थडगे नाही. दोघांनाही समुद्राने नेले. नौगावच्या मृतांना आपण विसरलो नाही, कारण वाचलेल्यांनी पुढच्यांना सांगितले. सांगणे थांबले असते तर ते दोन मातीचे ढीगच राहिले असते.

म्हणून जाता जाता एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा पत्र्याचा डबा असेल. दोन्ही महायुद्धांत आपले लोक फौजेत होते, इस्पितळांत होते, जहाजांवर होते. घरी गेल्यावर तो डबा उघडा. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहा, आज ओळखणारे कोणी आहे तोवर. आडनाव दोन्ही प्रकारे लिहून ठेवा, गावाचे आणि बापाचे. तार आली तो दिवस आणि माणूस गेला तो दिवस वेगळे असतात, दोन्ही नोंदवा. मराठी पत्रे नातवंडांना वाचता येत नाहीत म्हणून टाकून देऊ नका. बसून त्यांना हिब्रूत सांगा. आणि घरात जे वर्षानुवर्षे कोणी बोलत नाही ते एकदा तरी विचारा. आम्ही आजीला विचारायला हवे होते. आईला तरी वीस वर्षे आधी विचारायला हवे होते. समितीने अशा कागदांच्या प्रती ठेवण्यासाठी कपाटातला एक खण देऊ केला आहे, त्याचा सर्वांनी लाभ घ्यावा.

न्यूझीलंडच्या त्या बाईंचे, वाट दाखवणाऱ्या सर्व संस्थांचे, हजानसाहेबांचे आणि समितीचे आम्ही ऋणी आहोत. गावच्या त्या मास्तरांचेही. त्यांनी आजीचे गुपित तिच्या शब्दांत लिहून दिले आणि आयुष्यभर कोणाला सांगितले नाही.

आई इथे पहिल्या रांगेत बसली आहे. आज संध्याकाळी तिने घरी दिवा लावला तेव्हा एक वात जास्त लावली, आणि कोणी विचारायच्या आत सांगितले की ही कोणाची.

रनीमीडला आम्ही तिघेच होतो. इथे दहाच काय, शंभरावर माणसे आहेत. आता हजानसाहेब मामाच्या नावाने हशकाबा म्हणतील आणि त्यानंतर आम्ही कद्दीश म्हणू. आपण सर्वांनी उभे राहून आमेन म्हणावे, एवढेच मागणे आहे.

परमेश्वर आपल्या या प्रार्थनामंदिराला आणि आपणा सर्वांना उदंड आयुष्य देवो.

शालोम.